जार समोर, तरी क्लास सापडेना

सर्व्हर सुरू होतो, लॉगमध्ये शंभर-दीडशे ओळींचा स्टॅक ट्रेस कोसळतो आणि त्याच्या तळाशी एक ओळ असते: क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन, पुढे क्लासचं पूर्ण नाव. माणूस वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरात जाऊन बघतो. जार तिथेच असते. उघडून बघतो तर आत क्लासही असतो. मग तो तेच करतो जे जावा वेबवाले वर्षानुवर्षं करत आलेत: तीच जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरातही टाकतो आणि सर्व्हर रीस्टार्ट करतो. कधीकधी चूक खरोखर जाते. काही दिवसांनी तिच्याहून विचित्र अशी दुसरी येते, भलत्याच ठिकाणी, आणि तोवर ती जादा जार कुणी आणि का टाकली होती हे कुणाच्याच लक्षात नसतं.

'क्लास सापडला नाही' हे मुळात अर्धवट वाक्य आहे. जावाचं व्हर्च्युअल मशीन क्लास शोधण्याचं काम एकहाती करत नाही. ते काम क्लासलोडर नावाच्या वस्तूंवर सोपवलेलं असतं. चालत्या वेब सर्व्हरमध्ये असे बरेच लोडर एकाच वेळी नांदत असतात आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. त्यामुळे लॉगमधल्या त्या ओळीचा पूर्ण अर्थ असा: अमुक लोडरने आपल्या हद्दीत शोधलं आणि त्याला मिळालं नाही. तो लोडर कोणता आणि त्याची हद्द कुठवर, हे विचारल्याशिवाय जार इकडून तिकडे हलवणं हा निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे.

यातली खरी मेख अशी की मशीन क्लासला नुसत्या नावाने ओळखतच नाही. नाव आणि तो क्लास ज्याने घडवला तो लोडर, या दोन्हींची मिळून एक ओळख होते. गट नंबर ११२ एवढ्यावरून जमीन ठरत नाही, गावाचं नाव लागतं. ११२ नंबरचा गट गावोगाव असू शकतो. तसेच एकाच मशीनमध्ये, एकाच क्षणी, एकाच नावाचे दोन क्लास असू शकतात आणि मशीनच्या लेखी त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. एकाची वस्तू दुसऱ्याच्या नावाखाली वापरायला गेलात की क्लास-कास्ट-एक्सेप्शन येतं. जुन्या जावात त्याचा संदेश मोठा मजेशीर असे: इन्व्हॉइसचं रूपांतर इन्व्हॉइसमध्ये करता येत नाही. नवख्या माणसाला वाटायचं, आपले डोळे तरी बिघडलेत नाहीतर कंपायलर तरी. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही क्लासांचे लोडर संदेशातच छापलेले असतात, म्हणून तो संदेश शेवटपर्यंत वाचावा. बहुतेक जण पहिल्या अर्ध्या ओळीवरच थांबतात.

ही जोडीची ओळख सुरुवातीच्या जावात नीट पाळली जात नव्हती. १९९७ साली एटी अँड टीच्या संशोधन विभागातल्या विजय सारस्वत यांनी 'जावा टाइप-सेफ नाही' असं सरळ मथळ्यातच म्हणणारं टिपण लिहिलं. दोन लोडरांनी एकाच नावाचे वेगवेगळे क्लास दिले तर मशीनला फसवून एका क्लासची वस्तू दुसऱ्याची म्हणून खपवता येते, हे त्यांनी उदाहरणासह दाखवलं. त्याला नीट उत्तर दिलं सन मायक्रोसिस्टम्समधल्या शेंग लिआंग आणि गिलाद ब्राखा यांनी, १९९८च्या ऊप्सला परिषदेतल्या निबंधात. दोन लोडरांमधून एखादं नाव इकडून तिकडे गेलं की दोघांनीही त्या नावाला एकच क्लास दिला पाहिजे, अशी अट मशीन टिपून ठेवतं. अट मोडली की तिथल्या तिथे काम थांबतं. आज लॉगमध्ये 'लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन' असं दिसतं तेव्हा हीच अट मोडलेली असते. चूक दिसली म्हणून वैतागण्यासारखं आहे, पण ती न दिसता मशीनने भलत्याच वस्तूची खाजगी माहिती वाचली असती तर ते किती महागात पडलं असतं!

आता टॉमकॅटकडे येऊ, कारण बहुतेक गोंधळ तिथे आपल्या भेटीला येतो. साध्या जावा प्रोग्रामात लोडरांची उतरंड असते आणि शिस्त अशी की मुलाने आधी आईबापांना विचारायचं. त्यांच्याकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. वेब ॲप्लिकेशनच्या लोडरला टॉमकॅटने ही शिस्त मुद्दाम उलटी लावली आहे. तो आधी जावाचे स्वतःचे मूलभूत क्लास बघतो, मग ॲप्लिकेशनच्या वेब-इन्फमधलं क्लासेस फोल्डर, मग लिबमधल्या जारी, आणि त्यानंतर वरच्या सामाईक लोडरांकडे जातो. २००१च्या सर्व्हलेट २.३ प्रमाणकाने हीच दिशा सुचवली होती. त्यामागचं कारण रास्त आहे. एकाच सर्व्हरवर दोन ॲप्लिकेशनं असतील, एकाला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी असेल आणि दुसऱ्याला नवी, तर दोघांनी आपापली आणावी आणि एकमेकांच्या वाटेला जाऊ नये. अपवाद सर्व्हलेटच्या मूळ इंटरफेसांचा. ते कायम सर्व्हरचेच वापरायचे, नाहीतर सर्व्हरने दिलेली रिक्वेस्ट ॲप्लिकेशनला ओळखताच येणार नाही. म्हणूनच मेव्हनमध्ये सर्व्हलेट एपीआयची नोंद 'प्रोव्हायडेड' अशी करतात: कंपाइल करताना हवी, वॉर फाइलमध्ये मात्र नको.

शोधण्याचा क्रम उलटा लावला, तरी नजरेची दिशा बदललेली नाही. ॲप्लिकेशनच्या लोडरला वरचं दिसतं. वरच्याला खालचं कधीच दिसत नाही. सुरुवातीच्या त्या माणसाने जार टॉमकॅटच्या लिबमध्ये टाकली तेव्हा ती वरच्या, सामाईक लोडरच्या ताब्यात गेली. तिला जर वेब-इन्फमधल्या दुसऱ्या एखाद्या जारची किंवा ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या क्लासची गरज लागली तर ती खाली वाकून बघू शकत नाही. मग तिची एक-एक गरज वर आणावी लागते. अर्धं वेब-इन्फ टॉमकॅटच्या लिबमध्ये जमा झालेले सर्व्हर असेच तयार होतात. डेटाबेस ड्रायव्हरचं मात्र उलट आहे. कनेक्शन पूल टॉमकॅटने उभा करायचा असेल तर ड्रायव्हर वरच हवा, कारण शोधणारा वर बसलाय. पूल ॲप्लिकेशनने स्वतः उभा केला असेल तर ड्रायव्हर वेब-इन्फमध्ये ठेवता येतो, पण तो आपोआप नोंदला जाईल या भरवशावर राहू नये. ड्रायव्हरांची आपोआप होणारी नोंद मशीनमध्ये एकदाच होते, आणि टॉमकॅट ती स्वतः सुरू होतानाच उरकून घेतो. तेव्हा तुमचं ॲप्लिकेशन जन्मालाही आलेलं नसतं. 'नो सूटेबल ड्रायव्हर' ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. ड्रायव्हरचा क्लास नावाने स्पष्टपणे लोड केला की ती मिटते.

लॉग वाचताना दोन जुळ्या चुका वेगळ्या करायला शिकलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन येतं तेव्हा कुणीतरी क्लास मजकुरातल्या नावाने मागितलेला असतो: वेब डॉट एक्सएमएलमधलं नाव, कॉन्फिगरेशनमधलं नाव, क्लास डॉट फॉरनेमला दिलेलं नाव. तिथे आधी स्पेलिंग तपासा, मग लोडर. नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर येते तेव्हा कंपाइल झालेल्या कोडच्या आतूनच तो क्लास लागलेला असतो. म्हणजे बिल्ड करताना तो हजर होता, चालवताना नाही. नावाच्या छपाईतही फरक दिसतो: पहिल्यात पॅकेजचे भाग बिंदूने तोडलेले असतात, दुसरीत बहुधा तिरप्या रेघेने, कारण ते मशीनच्या अंतर्गत नोंदीतलं नाव जसंच्या तसं असतं. ज्या क्लासचं नाव छापलंय तो पीडित. गुन्ह्याची जागा स्टॅक ट्रेसमध्ये त्याच्या लगेच खाली असते, म्हणजे ज्या क्लासने मागणी केली तो. त्याचा लोडर कोणता, हाच पहिला प्रश्न.

या दुसरीचा एक फसवा अवतार आहे: 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास'. इथे क्लास सापडलेला असतो. जार जागेवर, आवृत्ती बरोबर. क्लासच्या स्टॅटिक भागात काहीतरी फुटलेलं असतं: एखादी प्रॉपर्टी फाइल मिळाली नाही, एखादा आकडा वाचता आला नाही. पहिल्या खेपेला मशीन खरी चूक सांगतं, कारणासकट. मग त्या क्लासवर कायमचा शिक्का मारतं आणि पुढच्या प्रत्येक मागणीला फक्त नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर तोंडावर फेकतं. ती पहिली खेप सकाळी सर्व्हर सुरू होताना झालेली असते. एखाद्या रिकाम्या कॅच ब्लॉकने ती गिळलेलीही असू शकते. दुपारी लोक जारी मोजत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हा संदेश दिसला की लिब फोल्डर बंद करून लॉगमध्ये वर सरकत जावं, त्या क्लासचं नाव पहिल्यांदा कुठे आलंय तिथपर्यंत. जावा १७ पासून मूळ चूक पुढच्या प्रत्येक संदेशाला जोडलेली मिळते.

एक चूक मात्र सरळमार्गी आहे: अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन. ती दोन आकडे देते, ६१ आणि ५५ वगैरे. त्यातून ४४ वजा करा: क्लास जावा १७ साठी बनवलाय आणि चालवणारा जावा ११ आहे. एवढंच.

गेल्या काही वर्षांतले दोन मोठे भूकंप मात्र जावाच्या आणि तिच्या मालकांच्या निर्णयांनी घडवले. पहिला सप्टेंबर २०१८ मध्ये, जावा ११ सोबत. जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएल आणि जावा वस्तू यांची अदलाबदल करणारी लायब्ररी, जावा ६ पासून प्लॅटफॉर्मसोबतच मिळत होती. अनेकांना ती वेगळी लायब्ररी आहे हे ठाऊकच नव्हतं. जावा ९ मध्ये ती काढणार असल्याची सूचना आली आणि ११ मध्ये ती गेली. सर्व्हरवर फक्त जावा बदलला, कोडला कुणी हात लावला नाही, तरी जावाएक्स-एक्सएमएल-बाइंड सापडत नाही म्हणून ॲप्लिकेशनं कोसळली. उपाय सोपा, ती अवलंबने बिल्डमध्ये स्वतः नोंदवायची. पण एपीआयची जार आणि ती प्रत्यक्ष राबवणारी जार या दोन वेगळ्या असतात, आणि पहिली घालून दुसरी विसरलेल्यांची संख्या कमी नाही.

दुसरा भूकंप नावाचा. ओरॅकलने जावा ईई २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण जावाएक्स या नावाखाली तिथे पुढचा विकास कसा करायचा यावर दोघांचं जमलं नाही. मे २०१९ मध्ये बोलणी फिसकटल्याचं जाहीर झालं. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेजं जावाएक्सऐवजी जकार्ता नावाने आली. क्षमता जवळपास तीच, नाव फक्त वेगळं. पण मशीनसाठी नाव म्हणजेच सगळं काही. टॉमकॅट ९ जुनं नाव बोलतो, टॉमकॅट १० नवं. स्प्रिंग ५ जुनं, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं स्प्रिंग ६ नवं. या जोड्या चुकल्या की गोंधळ ठरलेला.

जुनं ॲप्लिकेशन टॉमकॅट १० वर ठेवलं की जावाएक्स-सर्व्हलेटमधला क्लास सापडत नाही अशी तक्रार येऊ शकते, आणि लोक जुन्या सर्व्हलेट एपीआयची जार लिबमध्ये टाकतात. तक्रार बंद होते. पण ॲप्लिकेशनच्या सर्व्हलेटला आता टॉमकॅट ओळखत नाही, कारण त्याला हवा असतो जकार्ता नावाचा सर्व्हलेट. वेब डॉट एक्सएमएलमध्ये नोंद असेल तर 'हा क्लास सर्व्हलेट नाही' असं निदान ऐकू तरी येतं. नोंद ॲनोटेशनने केली असेल, किंवा स्प्रिंग बूट २ ची वॉर फाइल असेल, तर लॉग स्वच्छ, सर्व्हर चालू, आणि प्रत्येक पत्त्यावर ४०४. माझ्या मते पूर्ण स्टॅक ट्रेस परवडला, ही शांतता नको. इथे खरे मार्ग दोनच: टॉमकॅट ९ वर परत जाणं किंवा कोड नव्या नावांवर आणणं. कोडला हात लावता येत नसेल तर टॉमकॅटचंच एक साधन वॉर फाइलमधली नावं बदलून देतं. वॉर फाइल वेबॲप्स-जावाईई या फोल्डरात ठेवली तर टॉमकॅट १० हेच काम स्वतः करतो.

नो-सच-मेथड-एरर ही जातकुळी वेगळी. क्लास मिळाला, पण भलत्या आवृत्तीचा. जॅक्सन, ग्वाव्हा, एएसएम अशा सर्वत्र शिरलेल्या लायब्रऱ्यांच्या दोन-दोन आवृत्त्या वॉर फाइलमध्ये किंवा टॉमकॅटच्या लिबमध्ये आणि वेब-इन्फमध्ये एकाच वेळी असतात. मेव्हन एका लायब्ररीची एकच आवृत्ती निवडतं हे खरं, पण ते सर्वांत नवी निवडत नाही, अवलंबनांच्या झाडात सर्वांत जवळची निवडतं. ग्रेडल सहसा नवी निवडतं. त्यामुळे एकच प्रकल्प एकाकडून दुसऱ्याकडे नेला तरी वर्तन बदलू शकतं. शिवाय काही लायब्रऱ्या मधल्या काळात नावच बदलतात किंवा दुसऱ्यांचे क्लास पोटात घेऊन येतात, तेव्हा त्या दोन प्रती आहेत हे बिल्डच्या साधनांना कळतही नाही.

'माझ्याकडे चालतंय' या सुप्रसिद्ध वाक्यामागेही इथलंच एक कारण आहे. लिबमधल्या जारी कोणत्या क्रमाने बघायच्या हे सर्व्हलेट प्रमाणकाने सांगितलेलं नाही. टॉमकॅट ८ पासून त्या क्रमाची हमी नाही. फाइल सिस्टिमने दिलेला क्रम वापरला जातो. विंडोजवर तो बहुधा वर्णानुक्रमे येतो, लिनक्सवर तसा येईलच असं नाही. एकाच क्लासच्या दोन प्रती दोन जारींत असतील तर लॅपटॉपवर एक जिंकते आणि सर्व्हरवर दुसरी. नाव बदलून जार वर्णानुक्रमात पुढे आणण्याची युक्ती कुणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा.

तेव्हा भांडण न करता मशीनलाच विचारावं. जावा सुरू करताना व्हर्बोज-क्लास हा पर्याय दिला, किंवा जावा ९ पासून एक्सलॉगला क्लास-लोडच्या नोंदी मागितल्या, की प्रत्येक क्लास कोणत्या फाइलमधून आला ते छापलं जातं. नोंदी हजारोंनी येतात, पण ग्रेपने आपला क्लास गाळून काढला की क्षणात कळतं. पूर्ण सर्व्हर पुन्हा सुरू करता येत नसेल तर एखाद्या चाचणी पानातून त्या क्लासचा प्रोटेक्शन डोमेन आणि त्यातला कोड सोर्स विचारावा. तो जारचा पूर्ण मार्ग देतो. सोबत त्याचा क्लासलोडरही छापावा. बिल्डच्या बाजूने मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री बघावं. जेकमांडची व्हीएम-क्लासलोडर्स ही आज्ञा चालत्या मशीनमधल्या लोडरांची उतरंडच समोर मांडते. ही माहिती हातात आल्यावर बहुतेक चर्चा पाच मिनिटांत संपतात, म्हणून ती चर्चेच्या आधी गोळा करावी.

सर्वांत चकवणारी चूक थ्रेडांशी निगडित आहे. जावा १.२ पासून प्रत्येक थ्रेडला एक संदर्भ-लोडर चिकटवलेला असतो. वर बसलेल्या लायब्ररीला खालचा क्लास हवा असेल तर ती याच चोरवाटेने खाली उतरते: मला दिसत नसेना, या थ्रेडला दिसतं. टॉमकॅट प्रत्येक रिक्वेस्टच्या थ्रेडला त्या ॲप्लिकेशनचा लोडर लावून देतो आणि सारं बिनबोभाट चालतं. पण कुणी कोडमध्ये पॅरलल स्ट्रीम वापरला की काम मशीनच्या सामाईक फोर्क-जॉइन थ्रेडांकडे जातं, आणि जावा ९ पासून त्या थ्रेडांचा संदर्भ-लोडर सिस्टिमचा असतो, ज्याला वेब-इन्फ ठाऊक नाही. गंमत म्हणजे स्ट्रीमचं काही काम मूळ थ्रेडही करतो. म्हणजे काही नोंदी यशस्वी, काही क्लास सापडला नाही म्हणून फसलेल्या, आणि पुढच्या वेळी वेगळ्याच. जावा ८ वरून वर आलेल्या प्रकल्पांत हे हमखास घडतं. स्प्रिंग बूटच्या एकसंध जारमध्येही हेच होतं. आयडीईतून चालवलं तर मात्र काहीच होत नाही, कारण तिथे सिस्टिमच्या लोडरलाच सगळं दिसत असतं. उपाय म्हणजे आपला स्वतःचा थ्रेड पूल ठेवणं, किंवा कामाच्या सुरुवातीला योग्य लोडर लावून शेवटी जुना परत लावणं. तो 'परत लावणं' भाग फायनली ब्लॉकमध्येच हवा.

न सापडणाऱ्या क्लासांइतकेच न जाणारे क्लासही छळतात. ॲप्लिकेशन बंद करून नव्याने डिप्लॉय केलं की त्याचा जुना लोडर आणि त्याने आणलेले सगळे क्लास कचऱ्यात जायला हवेत. पण बाहेरच्या कुणी त्यातल्या एका वस्तूला जरी धरून ठेवलं तरी पूर्ण लोडर अडकतो, कारण वस्तूला तिचा क्लास माहीत असतो, क्लासला लोडर, आणि लोडरला उरलेले सगळे क्लास. पूर्वी चार-पाच वेळा डिप्लॉय केल्यावर पर्मजेन भरल्याची चूक यायची. मार्च २०१४ मध्ये जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. गळती गेली नव्हती. मेटास्पेसला मूळची मर्यादा नसल्याने ती आता सर्व्हरची सगळी स्मृती खाऊन मगच दिसते. टॉमकॅट ॲप्लिकेशन थांबवताना न थांबवलेल्या थ्रेडची आणि न काढलेल्या ड्रायव्हरची नावं लॉगमध्ये सांगतो. त्या ओळी बहुतेक जण इशारा म्हणून सोडून देतात. शंका असेल तर हीप डंप घेऊन त्यात टॉमकॅटच्या वेबॲप लोडरच्या प्रती मोजाव्यात. डिप्लॉय केलेल्या ॲप्लिकेशनांपेक्षा त्या जास्त निघाल्या तर ज्यांची अवस्था 'सुरू' अशी दिसत नाही त्यांना कोण धरून बसलंय ते पाहायचं. बहुतेक वेळा तो लायब्ररीने सुरू केलेला एखादा टायमर थ्रेड असतो, नाहीतर रिक्वेस्ट संपल्यावर कुणी न पुसलेला थ्रेडलोकल.